मण्याच्या घशात घातलेला हात

परवा आमच्या आळीतल्या एका सुनेला कुत्रं ओरबाडून गेलं आणि ती पोर दोन दिवस पदराखाली हात झाकून हिंडली. का, तर सासू बोलेल. मला कळल्यावर मी तिला दंडाला धरून दवाखान्यात नेली आणि वाटेत चांगली खडसावली. सुई घेऊन परत येताना ती म्हणाली, "आजी, एवढ्या का चिडलात? कुत्रंच तर होतं." रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही, शिकले तीही चौथीपर्यंत. औषधपाण्याचं ज्ञान कुणी माझ्याकडून घेऊ नये. पण या आजाराच्या दारापर्यंत जाऊन परत आलेली माणसं फार नाहीत. मी आहे, तर मी सांगावं.

दिवसाउजेडी आलेला कोल्हा

पिंपरीच्या माळावर औषधाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. आमचं शेत मोशीच्या वरच्या अंगाला, इंद्रायणीकडे उतरत जाणारं. आमचे हे कारखान्याच्या बांधकामावर सायकलीनं जायचे, शेत थोरले भावोजी बघायचे. घरात सासूबाई, थोरल्या जाऊबाई शेवंताबाई, मी, आणि माझा सात महिन्यांचा बबन.

शेवंताबाईंचं आधीच सांगते. त्यांची मुलं जगत नसत. तिघं पाळण्यातच गेली, आणि त्या माघात झालेली मुलगी पंधरवडाभर राहून तीही गेली. तेव्हापासून त्या माझ्या बबनकडे बघत नसत. तो रडला की त्या उठून गोठ्यात जायच्या, चोळी दुधानं भिजलेली असायची. मला राग यायचा. माझ्या लेकरानं यांचं काय घोडं मारलंय, असं मी ह्यांच्यापाशी कुरकुरायची. विशीतली अक्कल ती, तिच्यात दुसऱ्याचं दुःख मावत नाही.

कोल्हे आम्हाला नवे नव्हते. नदीच्या झाडीत त्यांची बिळं, दिवस मावळला की त्यांची कुई सुरू. पण कोल्हा माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. त्या दिवशी मात्र भर दुपारी एक कोल्हा बांधावरून सरळ चालत आला. दबला नाही, पळाला नाही. आमचा मण्या बैल बांधाशी चरत होता. त्यानं हुंगायला तोंड खाली केलं आणि कोल्ह्यानं त्याची नाकपुडी दातांत धरली. भावोजींनी काठी घातली तरी सोडेना. मेला तेव्हाच सुटला. "लईच शूर निघालं की वो हे कोल्हं," म्हणून कामाची माणसं हसली. मण्याच्या नाकाला हळद आणि तेल लावलं, जखम भरून आली आणि आम्ही विसरून गेलो.

बारीक हात

माझा हात पहिल्यापासून बारीक. गुराच्या घशात काही अडकलं की बारीक हाताची बाई बोलावतात, हे आमच्याकडचं नेहमीचं. दोघांनी शिंगं धरायची, जबड्यात आडवं लाकूड द्यायचं, की मग बाई कोपरापर्यंत हात आत घालून अडकलेलं काढते. माहेरी मी दोन गाई अशा वाचवल्या होत्या आणि सासरी आल्यावर ती कीर्ती माझ्याआधी येऊन बसली होती. मला त्याचा थोडा तोराही होता.

शिमग्याच्या पुढंमागं आमचा कांदा काढणीला आला. विळ्यानं पात कापता कापता बोटांना चिरा पडतात, त्यात रस झोंबतो. सगळ्याच बायांचे हात तसे असायचे, कुणी त्याकडे लक्ष देत नव्हतं. त्या सकाळी मण्या रवंथ करेना. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मान लांब करून घोगरा हंबरायचा, पाण्यात तोंड घालायचा आणि घोट आत जायचा नाही.

"ढिगातला कांदा गिळलाय मेल्यानं," सासूबाई म्हणाल्या. "नरड्यात अडकलाय बघ. भागे, तुझा हात घाल. दुसऱ्या कुणाचा जायचा न्हाई आत."

कुणालाही तेच वाटलं असतं. कांद्याच्या दिवसांत गुरं असं करतातच. भावोजींनी आणि एका गड्यानं शिंगं धरली, दांडकं आडवं दिलं, मी हात आत घातला. ऊन ऊन लाळ, खरबरीत जीभ. जिभेमागं चाचपलं, घशात चाचपलं. कांदा नव्हता, काहीच नव्हतं. मण्यानं चावा घेतला नाही, बिचाऱ्यानं शेवटपर्यंत घेतला नाही, पण काढताना माझ्या बोटांना त्याच्या दाढा घासल्या. मी राखेनं हात चोळून धुतला आणि बबन रडत होता म्हणून त्याला पाजायला घेतलं. मी नीट बघितलं नसेल असं सासूबाईंना वाटलं, म्हणून दुपारी पुन्हा एकदा हात घातला.

गुरांच्या डॉक्टरांचा प्रश्न

तिसऱ्या दिवशी मण्या मागच्या पायांवर कोलमडला. भावोजी चाकणला जाऊन गुरांचे डॉक्टर घेऊन आले. ते लांबच उभे राहिले. मण्याच्या नाकावरचा व्रण बघून विचारलं, "हे काय?"

"कोल्हं चावलं व्हतं. झाला महिना," भावोजी म्हणाले.

डॉक्टर मग म्हणाले, "याच्या तोंडात कुणी हात घातला का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी हात पुढं केला. डॉक्टरांनी बोटांवरच्या चिरा बघितल्या. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा त्यांचा प्रयत्न होता, तो काही जमला नाही.

"साबण आहे का घरात?" त्यांनी विचारलं. कपड्यांचा होता. त्यांनी मला त्यानं हात चोळायला लावला, वरून सासूबाई पाणी ओतत होत्या. पुरे म्हणतील तर नाही. कळशी संपली, दुसरी आणली. "बैल पिसाळलाय," ते म्हणाले. "कोल्ह्याकडून आलंय. ताई, आजच्या आज पुण्याला जा. उद्यावर टाकू नका."

मला आधी बबन आठवला. "मी लेकराला पाजलंय," मी म्हटलं. "हात धुतला व्हता, पण पाजलंय."

"त्याच्या अंगावर कुठं ओरखडा आहे? तोंडात, डोळ्यांत लाळ गेली?"

मला सांगता येईना. हात धुतला हे नक्की. पण नखांत काही राहिलं असलं तर? त्या क्षणापासून मला माझ्या हाताची किळस आली. तो हात मी अंगापासून लांब धरून उभी होते.

बबनला सासूबाईंनी उचललं आणि काही न विचारता शेवंताबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे हात दोन्ही बाजूंना तसेच पडलेले. बबन भुकेला होता, त्यानं तोंड त्यांच्या पदराकडे वळवलं. पुढचं बघायला मी थांबले नाही, माझ्यानं बघवलं नसतं.

एसटी यायला वेळ होता. पिसाळलेलं जनावर चावलं की माणसाला सात विहिरींत डोकावायला लावतात, ते सासूबाईंनी सोडलं नाही. त्यांचा हट्ट आणि मला बोलायचं त्राण नाही. रस्त्याला लागेपर्यंत तीन विहिरी झाल्या. प्रत्येकीत वाकून मी पाण्यातलं माझंच तोंड बघितलं आणि मनात विचारलं, भीती वाटते का? पाण्याची वाटत नव्हती, बाकी सगळ्याची वाटत होती. राहिलेल्या चार विहिरींसाठी सासूबाई पुढं वर्षभर चुटपुटत होत्या. मण्या त्याच संध्याकाळी गेला. डॉक्टरांनी कातडं काढू दिलं नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला लावलं.

शेवटचं टेसन

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आमच्यासारख्यांची सकाळी व्हरांड्यात रांग लागायची. पोटात चौदा सुया, रोज एक, हे तेव्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. जवळचे लोक सुई टोचून घरी जायचे, लांबच्यांना ठेवून घ्यायचे. माझ्या हाताच्या चिरा बघून मलाही ठेवून घेतलं. सुई जाड, औषध भरपूर. एक दिवस बेंबीच्या या अंगाला, दुसऱ्या दिवशी त्या अंगाला. लिंबाएवढ्या गाठी यायच्या, त्यांच्यावर लुगड्याची गाठसुद्धा सहन व्हायची नाही.

शेजारच्या खाटेवर तळवड्याच्या हौसाबाई होत्या. त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात मुंगूस शिरलं आणि हुसकायला गेल्या तर त्यानं अंगठा फोडला. "मुंगूस दिसलं की चांगलं म्हणत्यात," त्या पोटावर हात ठेवून म्हणायच्या. "माझं चांगलं बघ कसं चाललंय." त्या होत्या म्हणून मी हसले, नाहीतर तिथं हसण्यासारखं काही नव्हतं.

वॉर्डाचे डॉक्टर तरुण होते, चष्मेवाले. विचारलं तर सरळ सांगायचे, हा त्यांचा मोठा गुण. एकदा हौसाबाईंनी त्यांना पकडलंच. "डॉक्टर, हिला बैलानं दिला, बैलाला कोल्ह्यानं दिला. कोल्ह्याला कुणी दिला?"

"दुसऱ्या कोल्ह्यानं. नाहीतर लांडग्यानं, नाहीतर एखाद्या कुत्र्यानं."

"आन् त्याला?"

"त्याच्या आधीच्यानं." डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. म्हणाले, हा व्हायरस म्हणून एक प्रकार असतो, जंतूंहूनही बारीक. तो मेंदूत जातो आणि मग लाळेत येऊन बसतो. जनावराचं डोकं असं फिरवतो की ते चावत सुटतं, आणि चाव्यातून हा पुढच्या जनावरात जातो. रानात त्याची साखळी चालूच असते. गावातली कुत्री रानाच्या कडेला जातात, रानातली जनावरं उकिरड्याला आणि खुराड्याला येतात, तिथं गाठ पडते. मग मला माझ्या मण्याचं कळलं, त्याची गाठ बांधावर पडली होती. त्यानं तोंड खाली केलं ते नुसतं हुंगायला.

"आन् माणसाकडनं पुढं कुठं जातो?" हौसाबाईंनी विचारलं.

"कुठं नाही. माणूस माणसाला चावत नाही. माणसात आला की तिथं तो संपतो."

"म्हंजे आपुन शेवटचं टेसन," हौसाबाई म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. तो संपतो तेव्हा माणूसही संपतो, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

आमचे हे आले त्या दिवशी त्यांनीही आपली शंका विचारून घेतली. "पिंपरीला आमच्याकडं औषध व्हनार हाय, सगळ्या रोगांवर चालतंय म्हणत्यात. त्यानं न्हाई का बरं व्हायचं?" डॉक्टर म्हणाले, "त्या औषधाला हा रोग भीक घालत नाही. एकदा रोग उठला की याला कुठलंच औषध नाही. उठायच्या आधी सुई, एवढंच आपल्या हातात." हे खाली बघत राहिले. त्या कारखान्याच्या विटा त्यांनी स्वतः वाहिल्या होत्या.

कोपऱ्यातल्या खोलीत मावळातला एक गुराखी आणला होता. त्याला कुत्रं चावून दोन महिने झाले होते, गावात मंतरलेला दोरा बांधून भागवलं होतं. आता त्याला पाणी जात नव्हतं. त्याची बायको दाराबाहेर तांब्या घेऊन बसलेली असायची. मधूनच आत जायची आणि भरलेला तांब्या तसाच घेऊन बाहेर यायची. तो गेला त्या दिवशी ती तांब्या तिथंच ठेवून गेली. त्यानंतर पाण्याचा प्रत्येक घोट मला परीक्षा वाटायला लागला. ओठाला भांडं लावायची आणि घसा आवळतोय का बघायची. आवळतोय असं वाटायचंच. मग घोट खाली उतरला की डोळ्यांतून पाणी यायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर एवढंच सांगते, भीतीनंही घसा आवळतो. ती भीतीच असते, रोग नसतो.

दूध

लेकरू जवळ नाही म्हणून दूध यायचं थांबत नाही. दुसऱ्या कुणाचं मूल रडलं तरी छाती दाटून यायची. मी न्हाणीत जाऊन मोरीत दूध पिळून टाकायची. पोटावर त्या गाठी, वर हे. सगळ्यात जास्त रडले असेन तर त्या मोरीपाशी.

मी डॉक्टरांना विचारलं, "लेकराला दुधातनं गेलं असंल का?"

"दुधातून जात नाही असं आम्ही समजतो."

"समजता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, अगदी खात्रीनं सांगता येईल एवढ्या बाळंतिणी आमच्याकडे आल्या नाहीत. पण मी काळजी केली नसती."

त्या उत्तरावर मी जगले. खोटा धीर दिला असता तर माझा विश्वास बसला नसता.

ह्यांना मी बबनचं विचारलं. म्हणाले, "वैनी पाजत्यात. पयल्या दिवशी बसूनच राहिल्या, मग पदराखाली घेतला. आता खाली ठेवत न्हाईत. बाळसं धरलंय पोरानं." मला बरं वाटलं. आणि आत तुटलंही. दोन्ही एकदम होतं, हे आजारपणानंच मला शिकवलं.

पाय

सुया संपत आल्या होत्या. एका सकाळी खाटेवरून उतरले तर पाय खाली लागलाच नाही. म्हणजे लागला असणार, मला कळला नाही. मी फरशीवर पडले आणि मनात म्हटलं, आला. मण्याचेही आधी मागचे पायच गेले होते.

डॉक्टर पळत आले. त्यांनी आधी पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं. मी प्यायले. त्यांनी अजून एक दिलं, तेही प्यायले. त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं, पायांना टाचणी टोचून बघितली, मग माझ्या उशाशी येऊन सांगितलं, "हा तो रोग नाही. ही सुई आहे. लस मेंढीच्या मेंदूपासून करतात, हजारांत एखाद्याच्या अंगाला ती मानवत नाही, मग अंग लुळं पडतं. सुया पुढं दिल्या तर हे वर चढेल. श्वासापर्यंत जाईल."

"आन् न दिल्या तर?"

"झाल्यात तेवढ्या पुरतील अशी आशा आहे."

"न्हाई पुरल्या तर कोल्हा," मी म्हटलं.

ते मग म्हणाले, "आम्ही थांबवतोय. आता वाट बघायची. बहुतेकांचं तीन महिन्यांत कळतं. कधीकधी वर्षही लागतं."

एका बाजूला सुई, दुसऱ्या बाजूला कोल्ह्याची लाळ, आणि मधे कमरेखाली मेलेली मी. त्या दिवसांचं फार लिहीत नाही. लघवीला नळी, कूस बदलायला दुसऱ्याचा हात. हौसाबाई आपल्या सुया संपवून घरी गेल्या होत्या, तरी आठवड्याच्या बाजाराला पुण्यात आल्या की वाकडी वाट करून यायच्या. माझ्या पायांना तेल चोळत बसायच्या. मला स्पर्श कळायचा नाही, पण त्यांचे हात फिरताना दिसायचे. त्यांचं माझं नातं ना गोतं. एकदा त्या म्हणाल्या, "अंगठा हालला की तुझा," आणि मी म्हटलं, "थट्टा करू नका." थट्टा नव्हती. वैशाखातला दिवस होता तो. मी आणि त्या दोघी त्या अंगठ्याकडे बघत रडलो.

पाय ओढलेले

आषाढात दोन काठ्या घेऊन घरी आले. अंगणात बबन शेवंताबाईंच्या लुगड्याला धरून उभा होता. मला बघून त्यांच्या मागं लपला. त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या लेखी मी काठ्या घेतलेली परकी बाई. शेवंताबाईंचा चेहरा भरला होता. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, त्या हसत होत्या. मला बघून ते हसू विझलं. त्यांनी बबनला पुढं ढकललं. "जा रं. आई आली बघ तुजी." खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी त्याला माझंच नाव घेऊन आई म्हणायला शिकवलं होतं, पण तो त्यांनाच म्हणायचा.

ह्यांचं म्हणणं, आता लेकरू परत घे. मी म्हटलं, वर्ष सरू दे.

"ठेव हाय का ती, मुदत संपली की आणायला?" हे चिडून म्हणाले.

"मी मधेच गेले तर त्याची आई दोनदा जाईल," मी म्हटलं. "एकदा गेली ती त्याला आठवत न्हाई. तेवढंच राहू द्या." हे त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाई मात्र जेवताना माझ्या ताटात तूप जास्त वाढायच्या, आणि कुणाचं जनावर आजारी पडलं की मला ऐकू जाणार नाही असं बोलायच्या.

ते वर्ष आजाराहून अवघड गेलं. माझं भांडं वेगळं, माझी वाटी वेगळी, डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तरी. बबनचा मुका घेतला नाही. तो रांगत माझ्यापाशी यायचा, काठीशी खेळायचा, आणि गुडघ्यावर हात ठेवला की मी पाय ओढून घ्यायची. दोनचारदा असं झालं आणि मग तो यायचाच बंद झाला. ही बाई जवळ घेत नाही, हे मीच त्याला शिकवलं. मी शहाणपणानं वागले असंच मला तेव्हा वाटत होतं. आजही दुसरं काय केलं असतं ते सांगता येत नाही. पण त्या ओढून घेतलेल्या पायांचं दुःख त्या सुयांच्या दुःखाहून मोठं आहे.

डॉक्टर म्हणाले, आता भिऊ नका

पुढचा शिमगा झाल्यावर मी पुण्याला जाऊन दाखवून आले. चष्मेवाले डॉक्टर तेच होते. मला एका काठीवर चालताना बघून उठून उभे राहिले. म्हणाले, "आता भिऊ नका. घरी जा, लेकराला जवळ घ्या."

एसटीत मी सगळा वेळ तेच मनात म्हणत आले.

घरी पोचले तर शेवंताबाईंनी आधीच ओळखलं होतं. त्यांनी बबनला न्हाऊ घातलं होतं, काजळ लावलं होतं, अंगात धुतलेलं आंगडं होतं. त्याची गोधडी घडी करून माझ्या दाराशी ठेवली होती, वर त्याचा खुळखुळा. मी ओसरीवर बसले तशा त्या आल्या आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे भागीरथी, तुजं तू. मी निस्तं सांभाळलं," त्या म्हणाल्या आणि गोठ्यात निघून गेल्या.

मी त्याला दोन्ही हातांनी धरलं. वर्षानंतर. तो रडला नाही. रडला असता तर मी समजूत घातली असती, सगळ्या आया घालतात. तो ताठ बसून राहिला, नजर गोठ्याच्या दाराकडे. मग त्यानं हाक मारली, "आई."

गोठ्यातून उत्तर आलं नाही. त्यांनी पदर तोंडात कोंबला असणार, हे मला इथं बसून कळत होतं. तो पुन्हा म्हणाला, "आई." या वेळी आवाज बारीक झाला होता. मी त्याची आई, तिथंच होते, त्याच्या कानाशी. मी ओ दिली असती तर तो घाबरला असता.

मी त्याला मांडीवरून खाली ठेवला. तो पडत धडपडत गोठ्याकडे गेला. आतून शेवंताबाईंचा हुंदका ऐकू आला, मग दोघांचा आवाज. मी काठी घेऊन उठले, गोधडी उचलली आणि त्यांच्या खाटेवर नेऊन ठेवली. हे संध्याकाळी कामावरून आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे काय केलंस?" मी म्हटलं, "मला जगायचं व्हतं, मी जगले. त्यांचं काय?" त्यांना ते पटलं नाही. मलाही रोज पटतं असं नाही.

पुढं मला दोन मुली झाल्या. बबन शेवंताबाईंचा म्हणूनच वाढला, शिकला, कंपनीत लागला. शेवंताबाई म्हातारपणी त्याच्याच मांडीवर गेल्या. आमच्यात त्या दिवसाबद्दल कधी बोलणं झालं नाही. फक्त दर शिमग्याला त्या पहिली पोळी माझ्या ताटात वाढायच्या.

बबनचं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला बसवून हे सगळं सांगितलं. कोल्हा, मण्या, सुया, आणि ती गोधडी. त्याला हक्क होता. सांगून झाल्यावर बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसला. मग त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि उठला. दाराशी जाऊन थांबला. मला वाटलं, आता म्हणेल.

"काकी, येतो," तो म्हणाला.

"ये," मी म्हटलं.